नकाशातली एकच चूक

पहिला खंड हातात आला तेव्हा माझ्या मनात आलं, ही बाई मला कशात तरी ओढतेय.

कंपनीच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसायची. स्टोअर्समध्ये होती, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. मला वाळूजच्या त्या औषधांच्या कंपनीत लागून जेमतेम चार महिने झाले होते आणि 'झालं का जेवण'च्या पुढं आमचं बोलणं गेलेलं नव्हतं. एक दिवस तिनं डब्याच्या पिशवीतून विटेएवढं जाड इंग्रजी पुस्तक काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"वाच. असे नऊ भाग आहेत. दहावा यायचाय."

"मलाच का?"

"सगळी बस फोनमध्ये डोकं घालून असते. तू खिडकीबाहेर बघत असतेस."

मला हे कारण पटलं नाही. आधीच्या नोकरीत एका बाईनं मला असंच एक पुस्तक दिलं होतं, मन खंबीर कसं करावं असलं काहीतरी. पंधरा दिवसांनी ती मला एका हॉटेलच्या हॉलमध्ये घेऊन गेली. तिथं टाय लावलेला माणूस माणसं जोडा, माणसं जोडा म्हणून ओरडत होता आणि टेबलावर प्रोटीन पावडरचे डबे रचलेले होते. तेव्हापासून मी फुकट मिळालेल्या पुस्तकाला बिचकते. हेही मी उलटंपालटं करून झटकून पाहिलं. चिठ्ठी नाही, शिक्का नाही, फोन नंबर नाही. सुरुवातीच्या दोन पानांवर एक नकाशा तेवढा होता: डोंगर, नद्या, किल्ले आणि जीभ वळणार नाही अशी गावांची नावं.

तिनं अटी घातल्या. इंटरनेटवर काही शोधायचं नाही, कोण मरतं ते आधीच कळून बसतं. शेवटची परिशिष्टं उघडायची नाहीत, त्यातही पुढचं फोडलेलं आहे. पहिली दोनशे पानं डोक्यावरून जातील, तरी सोडायचं नाही.

"आणि पुस्तकातल्या कुणावरही विश्वास ठेवू नकोस," ती हसत म्हणाली.

मी मनात म्हटलं, तुझ्यावर तरी कुठं ठेवलाय.

घरी मी आणि माझे सासरे, दोघंच. नवरा चाकणला नोकरीला, तो शनिवारी यायचा. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. सासऱ्यांना मी आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणं मामा म्हणते. ते सरकारी मोजणी खात्यात होते. शेतांच्या हद्दी मोजायच्या आणि नकाशे काढायचे, यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं, त्यातलं निम्मं कन्नड तालुक्यात. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली तरी मोजायची खोड गेली नव्हती. आमच्या सिडकोत नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायचं. ते किती वाजता आलं, किती मिनिटं चाललं, हे मामा कॅलेंडरवर लिहून ठेवायचे. मी कामावरून कितीला येते हेही कुठं लिहितात की काय, अशी मला शंका होती. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि आम्ही दोघं चांगल्या शेजाऱ्यांसारखे राहत होतो, नीट बोलून आणि जरा अंतरावरून.

पुस्तक त्यांच्या नजरेला दुसऱ्याच दिवशी पडलं.

"हे काय हाय?"

"गोष्टीचं पुस्तक आहे, मामा."

"गोष्टीच्या पुस्तकात नकाशा कशाला?"

त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि ओट्यावर उजेडात बसून दोन्ही पानं इंच-इंच पाहिली. उत्तर दिशा कुठं दाखवलीय, प्रमाण दिलंय का, नदी कोणीकडून कोणीकडं वाहते, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाले, "काढला कुणी हा?"

कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं मी वाचून दाखवलं. परागंदा झालेल्या राणीच्या वाटाड्यानं हा नकाशा काढला, असं होतं.

"म्हंजे गोष्टीतल्याच माणसानं? मग लई सांभाळून बघाया पाहिजे," ते म्हणाले. पुढचा आठवडाभर पुस्तक दुपारभर त्यांच्याकडं असायचं आणि संध्याकाळी माझ्या टेबलावर परत यायचं.

त्याच महिन्यात त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू होताच, तो दीड महिन्यानं काढायचा होता. तोवर डोळ्यांना ताण नको, बारीक अक्षर नको, टीव्ही नको, असं डॉक्टरांनी बजावलं. पेपरातल्या जाहिरातीसुद्धा शेवटपर्यंत वाचणारा माणूस काळा चष्मा लावून दिवसभर ओट्यावर बसून राहायला लागला. चौथ्या दिवशी मी कामावरून येऊन, चहा देऊन, पुस्तक घेऊन बसले तर म्हणाले,

"काय वाचतीस ते मोठ्यानं वाच. मला एवढी इंग्रजी नाय समजत. मराठीतनं सांग."

मी काय वाचते हे यांना कळायला हवंय आणि शनिवारी ते मुलाच्या कानावर जाणार, असं मला वाटलं. पण नाही कसं म्हणणार? मी पहिल्या पानापासून सुरुवात केली.

दोनशे पानांचं बसमधल्या मैत्रिणीनं सांगितलं होतं ते खोटं नव्हतं. तीन घराणी, प्रत्येकात चार पिढ्या, आणि दर माणसाला दोन नावं, एक जन्माचं आणि एक शपथ घेतल्यानंतरचं. एका प्रकरणात मेलेला माणूस पुढच्या प्रकरणात लहान मूल होऊन यायचा, कारण तिथं गोष्ट तीस वर्षं मागं गेलेली असायची. मी दर पानाला अडखळत होते. मामा नाही.

"थांब. हा त्या नदीपलीकडच्या म्हाताऱ्याचा कोण?"

"पुतण्या असावा."

"असावा नको. आधी वारस लाव. मग पुढं चल."

मागच्या वर्षीच्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर मी तिन्ही घराण्यांचे वारस लिहिले. नावं त्यांच्या लक्षात राहत नव्हती, पण कोण कुठल्या गावचा, कोणाची जमीन कुठवर, हे एकदा सांगितलं की पक्कं. पंख असलेलं, आग ओकणारं जनावर आलं तेव्हा मला शब्द सुचेना. "घोरपडीला पंख फुटलेत असं धर," ते म्हणाले, "पुढं वाच." दीडशेव्या पानापर्यंत मीच त्यांना विचारायला लागले होते की हा कोण.

गोष्ट थोडक्यात अशी होती: गादीवरून हाकललेली एक तरुण राणी चाळीस माणसं घेऊन उत्तरेकडं निघालीय आणि वाटाड्या त्यांना डोंगरांतून नेतोय. मामांना राणीचं फारसं कौतुक नव्हतं. त्यांना आवडायची ती एका डोळ्यानं अधू असलेली म्हातारी नावाडीण. ती दर नदीवर कुठून तरी उगवायची, चार शब्द बोलायची आणि माणसं पार करून द्यायची. "ही बाई फुकट बोलत नाय," ते म्हणायचे.

दुसऱ्या खंडाच्या मध्यावर एका संध्याकाळी त्यांनी मला थांबवलं.

"तो वाटाड्या खोटा हाय."

"कशावरून?"

"हाय," म्हणाले, आणि चहा मागितला.

मला तर तो सगळ्यांत भला वाटत होता. दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी मैत्रिणीला गंमत म्हणून हे सांगितलं. तिचा चेहरा उतरला.

"कुणी सांगितलं तुला?"

"सासऱ्यांनी."

"त्यांनी पुढचे भाग वाचलेत?"

"त्यांना सध्या दिसतसुद्धा नाही."

"हे पाचव्या भागात कळतं," ती म्हणाली आणि जीभ चावली. "मी दोनदा वाचलंय सगळं. पहिल्या वेळी मला पाचव्यापर्यंत शंकाही आली नव्हती. तू नेटवर बघितलंस ना? खरं सांग."

मी शपथ घेतली. तिला ती खरी वाटली नाही. तिसरा भाग तिनं त्या दिवशी पिशवीतून आणला होता, मला कोपरा दिसत होता. तो तिनं बाहेर काढलाच नाही. वाळूजपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती आणि मी फोनमध्ये.

संशय असा एकीकडून दुसरीकडं जातो. मी शोधलं नव्हतं, म्हणजे मामांनी शोधलं असणार. ते फोनला बोलून हवामान विचारायचे, मग हेही विचारलं असेल. शिवाय दोन-तीन वेळा पहिला खंड मी ठेवला होता तिथं नव्हता. एकदा तो त्यांच्या उशाशी सापडला. "इथं कसा आला?" म्हटलं तर "असंच," म्हणाले आणि तोंड फिरवलं. मला राग आला. दिवसभर कंपनीत उभं राहून आल्यावर मी रोज तास-दीड तास घसा कोरडा करत होते आणि या माणसाला सगळं आधीच ठाऊक होतं. का ऐकत असतील मग? मी भाषांतर खरं करते की नाही, हे तपासायला?

मग मी जे केलं ते सांगायला मला आजही अवघड वाटतं.

पुढच्या प्रकरणात नावाडीण येते, राणीच्या माणसांना पार करते आणि रिकामी नाव घेऊन माघारी जाते, एवढंच होतं. मी पुस्तकावर नजर ठेवून तिची नाव उलटवली. पूर आणला, नाव खडकावर आपटली, म्हातारीचा पांढरा अंबाडा एकदा वर दिसला आणि मग दिसला नाही, असं सगळं मनानं रचून सांगितलं. खरं माहीत असेल तर मामा दचकतील, निदान 'असं कसं' तरी म्हणतील, असा माझा हिशेब होता.

ते भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. हात थांबला.

"गेली?"

"हो."

"पोहता येत नव्हतं तिला?"

"पाण्याला फार ओढ होती, मामा."

"नावाडणीला?" ते म्हणाले. थोड्या वेळानं शेंगांचं ताट बाजूला सारलं. "बास आज."

त्या दिवशी त्यांनी अर्धीच भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी वाचन नको म्हणाले. तिसऱ्या दिवशी सकाळी ते फाटकाशी उभे राहून शेजारच्या काकांना सांगत होते, "आमच्या पुस्तकातली म्हातारी गेली हो." काकांना काही कळलं नाही, पण त्यांनी बिचाऱ्यांनी "अरेरे" म्हटलं. मी आत कणीक मळत होते. मला कुठं तोंड लपवावं असं झालं.

त्यांना पुढचं काही माहीत नव्हतं, एवढं सिद्ध झालं होतं. पण कबूल करायचं धाडस होईना. आणि ती म्हातारी तर पुढच्या प्रत्येक प्रकरणात येत होती. पुन्हा वाचायला बसल्यावर मी तिला गाळत गेले. तिचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडी घातलं, तिची नाव एका कोळ्याला दिली. दोन संध्याकाळी असं चाललं. तिसऱ्या संध्याकाळी मी पुस्तक उघडलं तसे मामा म्हणाले,

"थांब. एक इचारू?"

"विचारा ना."

"मला दिसत नाय, पण पान उलटल्याचा आवाज येतो. तुला मराठी करून सांगत एक पान संपवाया सहा-सात मिनिटं लागत्यात. म्हातारी मेली त्या दिवशी पंधरा मिनिटं झाली तरी पान उलटलं नाय. आणि आता दोन दिवस झाले, भराभरा उलटतीयेस. म्हंजे त्या दिवशी काहीतरी जास्तीचं सांगितलं आणि आता काहीतरी गाळतीयेस. म्हातारी जित्ती हाय ना?"

"हो," मी म्हटलं.

"जित्ती हाय," ते स्वतःशीच म्हणाले आणि त्यांनी मोठा श्वास सोडला. रागावले नाहीत. "का केलंस मग असं?"

मी सगळं सांगितलं. मैत्रीण काय म्हणाली, पहिला खंड उशाशी कसा सापडला, ते फोनला विचारत असतील असं मला वाटलं, सगळं. त्यांनी कपाटाकडं बोट केलं.

"कपाटावर कागदाची गुंडाळी हाय. काढ ती."

ट्रेसिंग पेपर होता. ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात त्यांनी भिंग लावून पुस्तकातला नकाशा त्यावर जसाच्या तसा मोठा करून काढला होता. डोंगराच्या रेघा खात्यातल्या नकाशासारख्या नाजूक. त्यावर नंतर जाड लाल स्केचपेननं, वाकड्यातिकड्या हातानं टिंबं टाकलेली होती. दुपारच्या उन्हात, एका अधू आणि एका झाकलेल्या डोळ्यानं टाकलेली टिंबं.

"कुठनं कुठं चालले, किती दिवस लागले, हे तू वाचतीस तसं मी ध्यानात ठेवतो आणि दुपारी पुस्तकातला नकाशा शेजारी ठेवून यावर लावतो. सगळं जुळतं. बोटभर इकडंतिकडं होतं, पण जुळतं. फक्त ह्या एका खोऱ्यात नाय जुळत." त्यांनी अंदाजानं बोट टेकवलं, बरोबर तिथंच. "नकाशात एका दिवसाची वाट हाय आणि चालाया तीन दिवस लागले. नकाशा काढणाराच त्यांना नेत होता. नुसती चूक असती तर सगळीकडं थोडी थोडी असती. एकाच जागी चूक असली की ती चूक नसती, कुणीतरी केलेलं काम असतं."

मामांनी काळा चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"हे वाक्य माझं नाय," ते म्हणाले. "मला ऐकवलेलं हाय."

मग त्यांनी सांगितलं. तीस-एक वर्षांपूर्वी पिशोरजवळच्या एका गावात दोन शेजाऱ्यांच्या बांधाचा वाद होता आणि मोजणी मामांनी केली होती. सगळ्या गटाचा नकाशा चोख निघाला, पण तेवढ्या एका बांधावर नऊ हातांचा फरक पडला. तक्रार झाली. चौकशीच्या साहेबानं समोर बसवून तेच वाक्य म्हटलं. गावात झालं, मोजणीदार फितला. दोन वर्षं त्यांना शेतात पाठवलं नाही, ऑफिसात जुन्या नकाशांच्या घड्या घालायला बसवलं.

"शेवटी सुटलात ना?"

"कागद आला. निर्दोष असं नाय लिहिलं त्यात. पुरावा नाय, असं लिहिलं." त्यांनी नकाशाची गुंडाळी करायला घेतली. "तुझ्या सासूनं कधी इचारलं नाय मला. तिला खरं वाटलं होतं का खोटं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाय."

"तुम्हांला कुणाचा संशय होता?"

"साखळी धरणाऱ्याचा." मोजायच्या लोखंडी साखळीचं एक टोक मामांकडं आणि दुसरं खात्यातल्या एका शिपायाकडं असायचं. सात वर्षं दोघं बरोबर हिंडलेले. "त्यानंच टोक सरकवलं असणार. तवापासनं मी त्याच्याशी बोललो नाय."

त्या संध्याकाळी मी नावाडणीचं गाळलेलं सगळं परत वाचून दाखवलं, पहिल्यापासून.

मैत्रिणीला मी ट्रेसिंग पेपरचं सांगितलं तर ती "बघू," एवढंच म्हणाली. पण रविवारी तिसरा आणि चौथा भाग घेऊन घरी आली. कागद टेबलावर पसरून तिनं पहिल्या खंडाशी एकेक टिंब ताडून पाहिलं. त्यात अर्धा तास गेला.

"दोनदा वाचलं मी," ती शेवटी म्हणाली, "आणि दोन्ही वेळा नकाशाचं पान उलटून पुढं गेले."

मामांनी तिच्यापुढं पोह्यांची ताटली सरकवली आणि सरळ विचारलं, "तुम्ही हिलाच का दिलं पुस्तक? इतकी माणसं असतील कंपनीत."

मी पोह्यांकडं बघत मान खाली घातली. तिनं चमचा ठेवला.

"मी आणि माझी बहीण मिळून वाचायचो. आता ती माझ्याशी बोलत नाही. पुस्तकाबद्दल बोलायला कुणीतरी नवं पाहिजे होतं, ज्याला अजून काहीच माहीत नाही असं."

"बरं," मामा म्हणाले आणि पुढं काही विचारलं नाही. माझ्या आठवणीत त्यांनी अर्ध्यावर सोडलेली ती पहिलीच चौकशी.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, चष्म्याचा नंबर आला, आता त्यांना स्वच्छ दिसत होतं. तरी संध्याकाळी तेच: "वाच." तिसरा भाग, चौथा भाग. पाचव्यात राणीच्या माणसांना वाटाड्याची लबाडी सापडली, अगदी त्याच खोऱ्यावरून. त्यांनी त्याचे हात बांधले आणि बर्फात सोडून ते पुढं गेले. मामा नुसतं "हं" म्हणाले.

सातव्या भागात राणी परतीच्या वाटेवर त्या खोऱ्यात शिरते. आत एक गाव असतं, वाटाड्याचं स्वतःचं. बायका, मेंढ्या, धान्याची कोठारं. हत्यारबंद माणसांची नजर गावावर पडू नये म्हणून त्यानं त्यांना तीन दिवसांचा वळसा घालून नेलं होतं आणि नकाशात ती जागा आक्रसून टाकली होती. बाकी त्यानं कुणालाही कुणाच्या हाती दिलेलं नव्हतं. मी वाचताना दोनदा थांबले.

"म्हंजे फितला नव्हता तो," मामा म्हणाले.

"नाही."

"मी बी सोडलं असतं त्याला तिथंच. बर्फात." ते उठले, ओट्यावर जाऊन उभे राहिले. सकाळी मी डबा भरत असताना स्वयंपाकघराच्या दारात आले. "येत्या रविवारी गाडी काढशील का? पिशोरला जायचंय."

नवऱ्याची त्या आठवड्यात ड्यूटी होती, म्हणून आम्ही दोघंच गेलो. वाटेत मामांनी तीनदा मागं फिरू म्हटलं आणि तीनदा राहू दे म्हटलं. साखळी धरणाऱ्याचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत निघालं. तो ओसरीत बाजेवर बसला होता, मामांपेक्षा वाळलेला, ऐकू कमी येणारा. त्यानं बराच वेळ आमच्याकडं पाहिलं.

"साहेब?" तो म्हणाला. आनंद झाल्यासारखा काही आवाज नव्हता. "कशापायी आलात? कागदावर अंगठा पायजे का?"

"नाय. इचाराया आलोय."

त्याच्या सुनेनं पाणी आणून दिलं आणि ती दाराला टेकून उभी राहिली. मामांनी तांब्या खाली ठेवला आणि मोठ्यानं, गल्लीत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं विचारलं, "त्या बांधावर साखळी तू नीट धरली होती का?"

म्हाताऱ्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. "म्या? म्या तर दोरी धरल्यावाणी सरळ धरली. रेघ तुम्ही मारली. कागद तुमच्या हातात व्हता. तीस वर्सं झाली, मला वाटतंय साहेबानं केलं आन नाव माझ्यावर यायची पाळी आणली. माझी बी बदली झाली व्हती. तुम्ही इचारलं कधी?"

"मी केलं नाय."

"म्या बी नाय."

मला वाटलं आता भांडण होणार. मग म्हातारा म्हणाला, "खुणेचा दगडच कुणी आधी हालवला आसंल. ती मानसं लई वंगाळ व्हती." मामांनी मान हलवली, हो अशी नाही आणि नाही अशीही नाही. चहा आला. कोण वारलं, कोणाची बदली कुठं झाली होती, असं थोडं बोलणं झालं. निघताना म्हाताऱ्यानं सुनेला हाक मारली आणि घरच्या शेतातल्या अद्रकीची पिशवी मामांच्या हातात दिली.

गावाबाहेर आल्यावर मामांनी विचारलं, "खरं बोलला असंल का?"

"मला तर खरं वाटलं."

"मला बी वाटलं," ते म्हणाले. थोड्या अंतरानं पुन्हा, "पण सांगता येत नाय."

फुलंब्रीत चहाला थांबलो तेव्हा त्यांनी पिशवी टपरीच्या बाकड्यावर उपडी केली. वर चांगली घालून खाली कुजकी भरतात, म्हणाले. एकेक गड्डा उचलून त्यांनी मोडून, वास घेऊन पाहिला. सगळी अद्रक ताजी होती, बोटांना माती लागत होती. ती परत भरून त्यांनी पिशवीला गाठ मारली आणि हात पँटला पुसले.

"त्याला जेवाया बोलवू का घरी?"

"येतील का ते?"

"नाय येणार. बोलवून बघू."

दोनदा निरोप पाठवल्यावर, दिवाळीनंतर, तो एसटीनं आला. मी वरण-बट्टी केली होती. जेवणानंतर दोघं ओट्यावर ऊन खात बसले. मी मागं भांडी घासत होते, त्यांचं बोलणं काही माझ्या कानावर येत नव्हतं. बराच वेळ त्या बाजूनं आवाजच नव्हता, म्हणून मी डोकावून पाहिलं. दोघंही बसल्या बसल्या झोपले होते.